पूजा झालेलं मशीन

दर अकरा महिन्यांनी मी एक दिवस बेरोजगार व्हायचे. करार संपायचा, गळ्यातलं ओळखपत्र जमा करावं लागायचं, आणि नवा करार सुरू होईपर्यंत मी त्या संस्थेची कुणीच नसायचे. कामं मात्र त्या दिवशीही असायचीच. सकाळीच फोन यायचा, "मॅडम, जरा येऊन जा ना, सर्व्हर रुसला." मी जायचे. एरवी रोज नमस्कार करणारा फाटकावरचा चौकीदार त्या दिवशी मला पाहुणी म्हणून लिहून घ्यायचा. कोणाला भेटायचंय हे लिहावं लागतं, म्हणून बिचारा संकोचत विचारायचा. "सर्व्हरला," मी म्हणायचे. तो हसायचा. मला हसू यायचं नाही, राग यायचा, आणि तो कोणावर काढावा तेही कळायचं नाही.

आमची सहकारी पतसंस्था. मुख्य कार्यालय यवतमाळात, शाखा जिल्हाभर, आणि संगणक विभाग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका सरकी ठेवायच्या जुन्या गोदामात. उन्हाळ्यात तिथे सर्व्हरच्या खोलीत एसी आणि आमच्या खोलीत टेबलफॅन. मी संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, वयाच्या पंचविशीत तिथे चिकटलेली आणि तिशी ओलांडली तरी करारावरच असलेली. दरवर्षी अध्यक्ष म्हणायचे, यंदा तुझं करून टाकू. बाबांचा घाटंजीहून फोन आला की पहिला प्रश्न तोच, "झालं का वो कायम?" ते तिथल्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांच्या लेखी ज्या कामावरून माणसाला दर अकरा महिन्यांनी उठवतात ते काम नव्हेच, ती रोजी. आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मला कायम व्हायचं होतं. त्या काळात मला दुसरं काहीच नको होतं, हे मी उगाच साधेपणाचा आव आणून लपवणार नाही.

त्या वर्षी सगळ्या शाखांना नवे कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं आणि त्यांची इमेज बनवायचं काम माझ्याकडे आलं. इमेज म्हणजे चित्र नव्हे. एका कॉम्प्युटरवर सगळं नीट बसवायचं: ऑपरेटिंग सिस्टिम, संस्थेचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठी कळफलक, कोणाला काय उघडता यावं आणि काय येऊ नये. मग त्या मशीनची स्वतःची ओळख पुसायची. ह्याला आम्ही सील करणं म्हणतो. सील झालेलं मशीन बंद पडतं आणि ते बंदच ठेवायचं असतं. त्या बंद अवस्थेत त्याची प्रत काढायची, ती इमेज. ती ज्या मशीनवर टाकाल ते मशीन पहिल्यांदा चालू होताना आपलं आपलं नाव, आपली आपली ओळख घेतं. मधेच कोणी सील केलेलं मशीन चालू केलं तर तेच ओळख घेऊन बसतं. मग त्याची प्रत जिथे जाईल तिथे तोच एक इसम जाऊन बसणार.

मी ते मशीन मनापासून बनवलं. शाखाशाखांत फिरले. फुलसावंगीला पासबुकावरच्या ओळी तिरक्या छापल्या जायच्या, एकीवर एक. त्या सरळ केल्या. घाटंजीच्या रोखपालांना जवळचं नीट दिसत नव्हतं आणि ते कोणाला सांगायला लाजत होते. सगळ्याच शाखांची अक्षरं मोठी करून टाकली, म्हणजे त्यांना वेगळं काही मागायला नको. असल्या शेकडो बारीकसारीक गोष्टी. माझ्यासोबत हार्डवेअर बघणारे एक सहकारी होते, वयानं मोठे, नोकरीत कायम. आम्ही त्यांना भाऊच म्हणायचो. स्क्रू पिळायलासुद्धा मला त्यांनीच शिकवलं. ते म्हणायचे, "ताई, येवढं कोणी पायत नाही वो." मी म्हणायचे, न पाहू दे.

आमच्यावर एक आयटी प्रमुख होते. अध्यक्षांचे भाचेजावई असणं ही त्यांची पात्रता, आणि ही पात्रता कुठल्याच परीक्षेत नापास होत नाही. त्यांनी शुभारंभ ठरवला. वर्तमानपत्रांचे लोक बोलावले, पेढे मागवले, पूजा सांगणाऱ्या महाराजांकडून मुहूर्त काढून घेतला. आदल्या दिवशी मी मशीन सील केलं आणि बाजूच्या टेबलावर झाकून ठेवलं. प्रत मी दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे काढणार होते. पण सकाळी मी पोचले तेव्हा त्या टेबलावर लाल कापड अंथरलेलं होतं, मशीनला हळदीकुंकू लागलं होतं, आणि कळफलकावर केळी ठेवलेली होती.

ह्यात थोडा माझ्या समजावून सांगण्याचा प्रताप होता. संचालकांना इमेज कळावी म्हणून मी मागे एकदा म्हणाले होते की हे मशीन म्हणजे आई, बाकीची सगळी तिची लेकरं. ते अध्यक्षांच्या बरोबर लक्षात राहिलं. प्रमुखांनी पूजेसाठी दुसरं एखादं मशीन सुचवलं असतं तरी अध्यक्षांनी ऐकलं नसतं.

"मंग पूजा मायचीच करा लागते ना बापा," अध्यक्ष म्हणाले, "लेकराची कायले?"

मी पुढे झाले. "साहेब, पूजा करा, पण हे चालू नका करू. ह्याची प्रत निघायची आहे. बाजूचं चालू करा, दिसायला अगदी सारखंच आहे."

"दोन मिनटात काय होते मॅडम?" प्रमुख म्हणाले.

"सगळं होतं."

मग ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यात हे चालत नाही, मले माहीत हाये. पण आमच्या शुभ कामात नाट काहून लावून राह्यले?"

तुमच्यात. दोनतीन जणांनी छताकडे पाहिलं. हे खरं की आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पूजा नाही. पण मी पूजेला कुठे अडवलं होतं? त्यांनी नारळ फोडावा, हार घालावा, हवी तर आरती म्हणावी, माझं काय जात होतं? मी फक्त एक बटण दाबू नका म्हणत होते. तेवढ्या एका वाक्यानं माझं शिक्षण, माझं काम, माझी इतक्या वर्षांची नोकरी बाजूला पडली आणि मी फक्त 'तुमच्यातली' उरले. तेव्हा माझ्या कानशिलांपर्यंत जे रक्त चढलं ते आज हे लिहितानाही चढतं. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच खूण केली, गप राहा.

अध्यक्षांनी बटण दाबलं. मशीन जागं झालं आणि त्यानं रीतीप्रमाणे नाव विचारलं. प्रमुखांनी मोठ्या भक्तीनं अध्यक्षांचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, पेढे वाटले गेले. मलाही मिळाला. मी तो खाल्ला.

लोक गेल्यावर मी प्रमुखांना म्हणाले, "तासाभराचं काम आहे. मी हे खातं काढते, पुन्हा सील करते आणि मग प्रत काढू."

ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जणू मी देवळात चपला घालून शिरले होते. "पुसता? साहेबानं हातानं सुरू केलं, महाराजानं मंत्र म्हटले, अन् तुम्ही थे पुसून टाकता? पूजा झालेलं मशीन पुसतेत काय कोणी?"

मी समजावलं. साध्या भाषेत समजावलं, मग चिडून समजावलं. सगळी मशिनं एकच ओळख घेऊन बसतील, मध्यवर्ती सर्व्हर त्यांना वेगळं मानणार नाही, एकाला आत घेईल आणि दुसऱ्याला बाहेर काढेल. ते म्हणाले, पाहू तेव्हाचं तेव्हा. मग त्यांनी भाऊंना सांगितलं, हाये तशीच काढा कॉपी. भाऊंनी काढली. ते मशीन मी हिसकावून घ्यायला हवं होतं, असं नंतर मला एका मैत्रिणीनं ऐकवलं. ती कायम नोकरीत आहे. करारावरचा माणूस हिसकावत नसतो.

पुढे लागून आलेल्या सुट्ट्यांत सगळ्या शाखांत ती इमेज चढली. सुट्ट्या संपल्या आणि एका सकाळी सगळ्या शाखा एकदम उघडल्या. प्रत्येक पडद्यावर अध्यक्षांचं पूर्ण नाव आणि स्वागत. कुठल्याही दुसऱ्या जागी शाखाधिकाऱ्यानं पहिल्याच मिनिटाला फोन केला असता की हे काय भलतंच. आमच्याकडे कोणी केला नाही. सगळ्यांना वाटलं, वरूनच आदेश असेल. फुलसावंगीच्या शाखाधिकाऱ्यांनी तर पडद्याला झेंडूचा हार घालून फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला. तो पाहून बाकीचे घाबरले, आपण मागे राहिलो की काय म्हणून. तासाभरात गटावर हारांची रांग लागली. एकानं तर उदबत्ती लावली होती.

तिकडे सर्व्हर आपलं काम करत होता. घाटंजी आत आली की फुलसावंगी बाहेर, फुलसावंगी आत आली की तिसरं कोणी बाहेर. पडदा मिटायचा, पुन्हा उघडायचा, पुन्हा अध्यक्षांचं नाव. घाटंजीला नेमका बाजाराचा दिवस. खेड्यांवरून आलेल्या बाया पासबुकं हातात धरून उभ्या, आणि कोणाचंच काही निघेना. दुपारपर्यंत लोकांनी काउंटरच्या जाळीवर थापा मारायला सुरुवात केली आणि ते कमी दिसणारे रोखपाल आतून कडी लावून बसले. तरीही कोणी तक्रार लेखी द्यायला तयार नव्हतं, कारण पडद्यावर नाव कोणाचं होतं!

दुरुस्ती मीच केली. तासाभरात करते म्हणाले होते, तासाभरातच केली. पण मग ती नवी इमेज घेऊन शाखा शाखा फिरावं लागलं. गाडीत भाऊ शेजारी असायचे. पुसदच्या रस्त्यावर एकदा मी त्यांना सरळ विचारलं, चौकशी झाली तर तुम्ही सांगाल ना, मी नाही म्हणाले होते ते? त्यांनी मान वळवून बाहेरच्या तुरीच्या शेतांकडे पाहिलं.

"ताई, उन्हाळ्यात पोरीचं लगन हाये," ते म्हणाले. "मी काही पाह्यलं नाही."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. मला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला. उरलेल्या रस्त्यात आम्ही फक्त केबलींबद्दल बोललो.

संचालकांची सभा ठरली. कोणाची तरी चूक निघणं भागच होतं, गावोगावी बोंब झाली होती. सभेच्या आधी अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी तयारीत गेले होते. मुद्दे पाठ केले होते. ते ओरडतील, मी उत्तर देईन, असं सगळं मनात घोकलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्या बाजूला वळवला.

"पाय पोरी," ते म्हणाले, "मले माहीत हाये तू तवा नाही म्हनली होती. मी बहिरा नाही. पण आता सभेत मी कसा सांगू का बटन म्या दाबलं? जावयाचं नाव घेतलं तर घरात तोंड दाखवाले जागा राहत नाही. तू येवढंच म्हन, सील कराचं माह्याकडून राह्यलं. बस. कोणी तुले एक शब्द बोलनार नाही. अन् त्याच सभेत मी तुह्यं कायमचं मांडतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "करार कवा संपते तुहा?"

एवढंच विचारलं. धमकी दिली असं कोणी म्हणू शकणार नाही. चौकशीच होती ती, आपुलकीची. मी केबिनबाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. बाबांना फोन लावावा असं फार वाटलं. पण ते काय म्हणतील हे मला माहीत होतं, म्हणूनच लावला नाही.

सभेत मी उभी राहिले. समोर सगळे संचालक, कडेला प्रमुख, मागच्या रांगेत भाऊ. मी म्हणाले, "मशीन सील करायचं माझ्याकडून राहिलं. चूक माझी आहे." मला वाटलं होतं घशात अडकेल, आवाज कापेल. तसं काही झालं नाही. वाक्य सुरळीत बाहेर पडलं. त्याच सुरळीतपणाची मला सगळ्यांत जास्त किळस आली. एक वयस्क संचालक, घाटंजीकडचेच, डोळे पुसायच्या बेतात आले. म्हणाले, आजकाल चूक कबूल करणारी माणसं मिळतात कुठे? अध्यक्षांनी ठराव मांडला. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या प्रमुखांच्या होत्या. मी कायम झाले.

आता माझं ओळखपत्र कोणी मागत नाही. नवीन मुलं कामाला लागली की प्रमुख त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात की सील केल्याशिवाय मशीनची प्रत काढायची नसते, आपल्या मॅडमकडून एकदा ही चूक झाली होती. मॅडम मोठ्या मनाच्या, त्यांनी मान्य केली. मुलं माझ्याकडे आदरानं पाहतात. त्यांना खरं सांगावं असं दर वेळी वाटतं. पण मग त्यांनी विचारलं, की तुम्ही असं का म्हणालात, तर त्याचं उत्तर माझ्या पगाराच्या पत्रकात आहे.

कायमचं पत्र हातात पडल्यावर मी घाटंजीला गेले, बाजाराच्याच दिवशी. घाटंजीकडच्या त्या वयस्क संचालकांनी माझ्या आधीच बाबांना गाठून सगळी हकीकत सांगितली होती. बाबांनी पत्र हातात घेतलं, वाचलं नाही. आईला म्हणाले, पत्राचं काय, पत्र कोणालेही भेटते. आणि मला घेऊन बाजारात निघाले. एरवी ते भाजी घेऊन मुकाट्यानं घरी येणारा माणूस. त्या दिवशी दर दहा पावलांवर थांबत होते. चपला शिवणाऱ्याला जय भीम घालून सांगितलं. जिनिंगमधल्या जुन्या सोबत्याला सांगितलं. शेवटी भाजीवाल्या बाईसमोर उकिडवे बसले आणि वांगी निवडता निवडता तिलाही सांगितलं.

"हे माही पोरगी. भऱ्या सभेत उभी राह्यली अन् म्हनली, चूक माही हाये. दुसऱ्यावर ढकलली नाही. म्हणून कायम केलं त्यायनं इले."

बाबांना मी आयुष्यात इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून ते कधी उकिडवे बसत नाहीत, आणि त्या दिवशी बसले होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, मी खोटं बोलले, ह्या सगळ्यांसमोर हे नका सांगू. तोंडातून अक्षर निघालं नाही. सभेत सुरळीत निघालं होतं ते.

बाई कौतुकानं माझ्याकडे पाहत म्हणाली, "अशी पोरगी पायजे बापा," आणि वांग्यांवर मूठभर सांबार तिनं आपल्या मनानं टाकला. सांबार म्हणजे कोथिंबीर, महाग होती ती त्या दिवसांत. बाबांनी तो सांबार पिशवीतून काढला, झटकला, नीट तिच्या टोपलीत परत ठेवला.

"फुकटाचं नोको बाई," ते म्हणाले. "आमच्या घरात चालत नाही थे."

मी पिशवी उघडी धरून उभी होते.